अ‍ॅम्बेसिडरसाठी हेडर घडवताना: तीन पाइपांचं गणित आणि खानदेशी ऊन

जुन्या अ‍ॅम्बेसिडरचा बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकला की तीन वाटा उरतात: भंगारातून दुसरा आणायचा, तडा झाळून घ्यायचा, नाहीतर पाइपांचा हेडर, म्हणजे इंजिनातला जळका वायू एकत्र करून सायलेन्सरकडे नेणारा पाइपांचा जुडगा, बनवायचा. भंगारातला मॅनिफोल्ड बहुधा आधीच वाकलेला निघतो. बीड झाळता येतं, पण झाळण्याआधी सावकाश तापवलं नाही आणि नंतर राखेत किंवा चुन्यात सावकाश थंड होऊ दिलं नाही, तर झाळीला खेटूनच नवा तडा जातो. हेडर बनवणं यापेक्षा जास्त मेहनतीचं आहे. मात्र एकदा नीट बनला की पुन्हा बघावं लागत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. मूळचा कॅमशाफ्ट आणि मूळचा कार्ब्युरेटर ठेवून नुसता हेडर लावला तर ताकद फार वाढत नाही. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये गाडी थोडी मोकळी ओढते, एवढाच फरक. आवाजासाठी हेडर बनवायचा असेल तर सायलेन्सर बदलून बघा. ते स्वस्तात होतं.

इथली सगळी मापं १४८९ सीसीच्या बी-सिरीज पेट्रोल इंजिनाची आहेत: बोअर ७३.०२५ मिमी, स्ट्रोक ८८.९ मिमी. डिझेल किंवा नंतरच्या १८०० सीसी इंजिनाचं हेड (सिलिंडरांवरचं झाकण) वेगळं असतं. त्यांना पद्धत हीच चालेल, आकडे चालणार नाहीत.

तीनच पाइप का

चार सिलिंडर म्हणून चार पाइप, असं धरून कामाला लागलेला कारागीर या इंजिनापाशी अडतो, कारण हेडला एक्झॉस्टची तोंडं तीनच आहेत. पहिल्या सिलिंडरचं एक, चौथ्याचं एक, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं मधलं सामाईक. हा दोष वाटतो, पण हेडर बनवताना तो आपल्या पथ्यावर पडतो.

फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ आहे. तिसऱ्या सिलिंडरनंतर दुसऱ्याची पाळी क्रँकच्या ३६० अंशांनी येते. पहिल्या आणि चौथ्यातही तेवढंच अंतर. म्हणजे मधल्या तोंडातून दर फेऱ्याला वायूचा एक धक्का बाहेर पडतो. एक आणि चार हे पाइप एकत्र केले तर त्या जोडातूनही दर फेऱ्याला एकच. एक धक्का दुसऱ्यावर आदळत नाही. चार तोंडांच्या इंजिनात जो फायदा चार-दोन-एक मांडणीने (चार पाइपांचे दोन, दोनांचा एक) मिळवावा लागतो, त्याचा अर्धा भाग इथे हेडमध्येच ओतलेला आहे. म्हणून एक आणि चार आधी जोडायचे, मधला पाइप एकटा लांब चालवायचा, आणि मग दोघांची गाठ घालायची. तिन्ही पाइप एकाच जागी आणून जोडू नका. तसं केलं तर ही सगळी मांडणी वाया जाते.

लांबी आणि व्यास

हेडर बनवणाऱ्यांत वापरला जाणारा ठोकताळा असा: एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात खाली पोचतो त्या बिंदूच्या) जितके अंश आधी उघडतो त्यात १८० मिळवा, त्याला ८५० ने गुणा, ज्या आरपीएमला जोर हवा त्याने भागा आणि ३ वजा करा. उत्तर इंचांत येतं. मूळच्या कॅमवर व्हॉल्व्ह सुमारे ४० अंश आधी उघडतो. रस्त्यावरच्या गाडीसाठी ४००० आरपीएम धरले तर ८५० गुणिले २२० भागिले ४००० म्हणजे ४६.७५. त्यातून ३ गेले, उरले ४३.७५ इंच, म्हणजे सुमारे १११० मिमी. ही हेडच्या तोंडापासून शेवटच्या गाठीपर्यंतची लांबी, पाइपाच्या मध्यरेषेवर मोजलेली.

यातले पहिले ३८० मिमी एक आणि चार स्वतंत्र चालतात, पुढचे ७३० मिमी त्यांचा जोडपाइप चालतो. मधला पाइप एका दमात १११०. पाचपन्नास मिमी इकडेतिकडे झाल्याने इंजिनाला फरक पडत नाही. एक आणि चार यांच्यात मात्र २५ मिमीपेक्षा जास्त फरक ठेवू नका.

एक-चारसाठी बाहेरून ३५ मिमी, जाडी २ मिमी. आतून ३१ उरतात, तेवढे पुरे. मधल्यासाठी ३८ मिमी, जाडी १.५. एक-चारच्या जोडानंतर ४२ मिमी. शेवटच्या गाठीपुढे सायलेन्सरपर्यंत ४५ मिमी, ते न मिळाल्यास ५१. ‘मोठा पाइप म्हणजे मोकळा श्वास’ हे या इंजिनाला लागू नाही. ४५ च्या जागी ६३ मिमी टाकला की वायूचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमला गाडी मेल्यासारखी चालते.

सामान

३५ मिमी पाइप १ मीटर आणि त्याच मापाचे ९० अंशाचे चार बेंड. ३८ मिमी पाइप १ मीटर, ९० चे दोन आणि ४५ चे दोन बेंड. ४२ मिमी पाइप १ मीटर आणि ४५ चे दोन बेंड. ४५ मिमी अर्धा मीटर. फ्लँजसाठी (पाइप जिला झाळून हेडवर आवळायचे त्या पट्टीसाठी) एमएस, म्हणजे साध्या लोखंडाची प्लेट, जाडी किती ते पुढे येतं. शिवाय १०० ते १५० मिमी लांबीचा जाळीदार फ्लेक्स पाइप, नवं गॅस्केट, पितळी नट.

पाइप काळा ईआरडब्ल्यू (शिवण झाळलेला) किंवा सीआर (थंड लाटलेला) घ्या. नळाचा जीआय (जस्त चढवलेला) पाइप स्वस्त आणि हाताशी असतो, पण त्याला हात लावू नका. झाळताना जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो नाकातोंडात गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो; आणि झाळीत जस्त मिसळून बारीक भोकं पडतात. फर्निचरचा १.२ मिमी पाइपही नको. चांगला वाकतो, पण वर्षा-दोन वर्षांत आतून खात जातो.

स्टेनलेस हवं असेल तर ३०४ नंबरचं. दूध डेअरीच्या फिटिंगमध्ये ३८ आणि ५१ मिमीचे तयार, आतून गुळगुळीत बेंड मिळतात, ते मधल्या पाइपाला आणि शेपटीला, म्हणजे शेवटच्या गाठीपुढच्या पाइपाला, बरोब्बर बसतात. पण ३०४ तापल्यावर साध्या लोखंडापेक्षा सुमारे दीडपट फुगतं. मीटरभर पाइप ५०० अंशांनी तापला तर साधं लोखंड ६ मिमी वाढतं, स्टेनलेस साडेआठच्या पुढे जातं. ती वाढ जिरवायला सरकता जोड नसेल तर झाळ फाटते. पहिलाच हेडर असेल तर २ मिमीचा एमएस घ्यावा.

फ्लँज: इथेच बहुतेक हेडर बिघडतात

बी-सिरीजमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट हेडच्या एकाच बाजूला आहेत आणि दोघांना दाबून धरणारे स्टड सामाईक आहेत. जाड वॉशरचा एक पाय इनटेकच्या कानावर (स्टडपाशी बाहेर आलेल्या कडेवर) असतो, दुसरा एक्झॉस्टच्या. दोन्ही कानांची जाडी सारखी नसेल तर वॉशर तिरकं बसतं, जाड बाजू आवळली जाते आणि पातळ बाजू गळते. इनटेक गळला तर आयडलिंग चढउतार करतं, एक्झॉस्ट गळला तर टकटक आवाज येतो. दोन्ही वेळा लोक कार्ब्युरेटर उघडून बसतात.

म्हणून प्लेट विकत घेण्याआधी इनटेकचा कान व्हर्निअरने मोजा. वॉशर जिथे टेकतो तिथेच मोजा. त्याच मापाची प्लेट न मिळाल्यास एक नंबर जाड घ्या आणि झाळून झाल्यावर सरफेस ग्राइंडरवर उतरवा. मापापेक्षा पातळ प्लेट घेऊन खाली पत्र्याचे तुकडे सरकवणं हा उपाय नव्हे.

नमुना गॅस्केटवरून काढा, पण विश्वास हेडवर ठेवा. कार्डशीट हेडवर दाबून हातोडीच्या गोल तोंडाने कडेकडेने हलकं ठोका. पोर्टची आणि स्टडची कड कागदावर उमटते. पोर्ट पूर्ण गोल नाहीत. फ्लँजचं भोक पोर्टपेक्षा सगळीकडून १ मिमी मोठं ठेवा. लहान ठेवलं तर वायूला उंबरठा लागतो. किंचित मोठं असेल तर उलट परतणारा धक्का त्या पायरीवर अडतो, ते बरंच आहे. पाइपाचं तोंड त्या आकारात आणायला लाकडी किंवा लोखंडी गुट्टा बनवा, पाइप तापवून त्यावर ठोका. व्हाइसमध्ये नुसता चेपला तर कोपऱ्यात चीर पडते.

टोकाच्या दोन स्टडची भोकं आडवी १.५ मिमी लांबट करा. इंजिन चालू असताना हेड नव्वदीच्या आसपास असतं, फ्लँज त्याच्या तिप्पट तापते आणि लांबीत मिमी-दीड मिमी वाढते. त्या वाढीला जागा नसेल तर स्टड वाकतो नाहीतर तुटतो. हेडमधून तुटका स्टड काढणं हे हेडर बनवण्याइतकंच मोठं काम आहे.

जुने स्टड काढताना घाई नको. आदल्या दिवशी भेदक तेल सोडा, इंजिन थोडं गरम करा, दोन नट एकमेकांवर आवळून आतल्या नटाने फिरवा. आटे इंची आहेत. ८ मिमीचा मेट्रिक नट दोन आटे फिरतो आणि मग आटे खातो.

गाडीवर मांडणी

एक्झॉस्ट इंजिनाच्या डाव्या बाजूला, स्टिअरिंग कॉलम उजवीकडे. त्यामुळे जागा तशी मोकळी आहे. तरी तीन शेजाऱ्यांकडे लक्ष ठेवा: मॅनिफोल्डखालची टॅपेट कव्हरं, पेट्रोलची नळी आणि ब्रेकचे पाइप. गिअर स्टिअरिंगवर असेल तर त्याचे रॉड पूर्ण फिरवून बघा, पाइप आड येतो का ते. टॅपेट कव्हरचं गॅस्केट पाझरत असेल तर आधी ते बदला. एकदा हेडर बसला की तिथे हात जात नाही, आणि तेलाचा थेंब तापल्या पाइपावर पडला की बॉनेटमधून धूर येतो.

८ गेजची तार घ्या, जाडी साधारण ४ मिमी. पुठ्ठ्याच्या ३८ मिमी व्यासाच्या चकत्या कापून, मधोमध भोक पाडून तारेत दर ५० मिमीला ओवा. ही तार पोर्टपासून हव्या त्या वळणाने खाली न्या. चकती कशाला टेकली की तिथे पाइप टेकणार हे लगेच दिसतं. नुसती तार फसवते. तिला जागा पुरते, पाइपाला पुरत नाही. चेसिस आणि बॉडीपासून किमान २० मिमी सोडा, ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळीपासून ४० तरी. इंजिन रबरी माउंटवर डोलतं. आयडलला न लागणारा पाइप क्लच सोडताना बॉडीला धडकतो.

खाली उतरताना गाठ गिअरबॉक्सच्या तळाच्या वर राहील असं बघा. खानदेशातल्या गावरस्त्यांवरचे गतिरोधक आणि काळ्या मातीत पडलेल्या चाकोऱ्या पाइपाला सोडत नाहीत.

तार पक्की झाली की ती सरळ करून लांबी मोजा आणि बेंडच्या तुकड्यांत वाटून घ्या. ३५ च्या पाइपाचा दीडपट त्रिज्येचा, म्हणजे ५२.५ मिमीचा ९० अंशाचा बेंड मध्यरेषेवर ८२.५ मिमी लांबी खातो. ४५ चा त्याच्या निम्मा.

तयार बेंड मिळाले नाहीत तर वाळू भरून वाकवा. तापी किंवा गिरणेची बारीक वाळू चाळून घमेल्यात घेऊन चुलीवर भाजा. वर धरलेल्या कोरड्या पत्र्यावर दव येईनासं झालं की ती सुकली. ओली राहिली तर पाइप लाल करताना आतली वाफ लाकडी बूच गोळीसारखं उडवते. बुचाच्या मधोमध ३ मिमीचं भोक ठेवा आणि तोंड माणसांकडे करू नका. वाळू भरताना पाइपाला बाजूने ठोकत राहा, पोकळी राहिली की तिथेच घडी पडते. सगळीकडून लाल झाला की एका ओढीत वाकवा. हे फक्त एमएसला. सायलेन्सरच्या दुकानातल्या प्रेसवर वाकवलेला बेंड कोपऱ्यात चपटा होतो. शेपटीला तो चालेल, पोर्टजवळ नको.

टाके आणि झाळ

टाके, म्हणजे झाळीचे सुटे ठिपके, गाडीवरच मारायचे, पूर्ण झाळ टेबलावर. टाके मारण्याआधी बॅटरीची दोन्ही टोकं काढा, कार्ब्युरेटर काढून इनटेकच्या तोंडात फडकं कोंबा, पेट्रोलची नळी बंद करून दूर वळवा, वायरिंगवर ओलं गोणपाट टाका आणि अग्निशामक हाताच्या अंतरावर ठेवा. अर्थिंगचा क्लँप थेट फ्लँजवर लावा.

सुरुवात फ्लँजने. ती हेडवर पूर्ण आवळलेली असावी. पाइप बसवा, तीन टाके. मग पुढचा तुकडा. दोन तुकडे जोडताना दोघांवर मार्करने एक आडवी रेघ ओढून ठेवा, म्हणजे काढून परत लावताना कोन हलत नाही. फट १ मिमीपेक्षा जास्त दिसली तर कानशीने पुन्हा बसवा. फट झाळीने भरायला गेलात की पाइप आत वितळतो आणि आत लोंबणारी गाठ तयार होते, ती बाहेरून दिसतही नाही.

तिन्ही पाइप जागेवर आले की हेडर बाहेर काढून बघा. निघतोय ना? टाक्यांवर सुरेख बसलेला हेडर स्टडमधून बाहेरच येत नाही, हे नेहमीचं आहे. आत्ता कापणं सोपं आहे.

पूर्ण झाळीसाठी फ्लँज २० मिमी जाडीच्या प्लेटवर किंवा निकामी हेडवर आवळा. टिगने (आरगॉनच्या झाळीने) एमएस झाळताना १.६ मिमीची ईआर७०एस-२ वायर, ६० ते ७५ अँपिअर. मिग (वायर आपोआप सुटत राहणारी झाळ) असेल तर ०.८ ची वायर. दोन्ही नसतील तर साधं आर्क, पण १० गेजचा रॉड नको. १४ गेजचा, म्हणजे २ मिमीचा ६०१३ घ्या आणि ४० ते ६० अँपिअरवर थांबत थांबत चला. ३०४ ला ३०८एल वायर, आणि ३०४ चा पाइप एमएस फ्लँजला जोडायचा असेल तर ३०९एल. स्टेनलेसच्या पाइपात आतूनही आरगॉन सोडावा लागतो, मिनिटाला ५ ते ७ लिटर. नाहीतर आतली झाळ जळक्या साखरेसारखी काळी, खरखरीत होते आणि तिथूनच तडकते.

एका पाइपाची गोल झाळ एका दमात पुरी करू नका. पाव फेरा पहिल्याचा, पाव चौथ्याचा, पाव मधल्याचा, असं फिरत राहा. सगळं थंड झाल्यावरच फ्लँज प्लेटवरून सोडा. मग काचेवर ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घाला. ०.१५ मिमीपेक्षा जास्त फट निघाली तर सरफेस ग्राइंडर. त्यानंतर तिन्ही तोंडांना जोडणारी फ्लँजची पट्टी दोन जागी कापून टाका. एवढी मेहनत करून पट्टी कापायला जीवावर येतं, पण तीन सुटे तुकडे हेडवर सपाट बसतात आणि आपापले फुगतात.

एक-चारचा जोड आणि शेवटची गाठ यांत पाइप एकमेकांना १५ अंशांच्या आत भेटावेत. काटकोनी ‘टी’ कधीच नाही. दोन्ही पाइपांची टोकं तिरकी कापा, कापलेल्या कडा मिळवून आधी आतून झाळा, मग बाहेरून.

गळती बघायला सगळी तोंडं रबर लावलेल्या पट्ट्यांनी बंद करा, कॉम्प्रेसरची हवा ०.२ ते ०.३ बारवर सोडा आणि साबणाचं पाणी लावा. जास्त दाब नको, पट्ट्या उडतात.

बसवणं

शेवटच्या गाठीनंतर फ्लेक्स पाइप आणि त्याच्या आधी गिअरबॉक्सला बांधलेला एक आधार. हा आधार चेसिसला बांधू नका. इंजिन डोलतं, चेसिस डोलत नाही, आणि मधल्या मधे झाळ मोडते.

नट मधून बाहेरच्या दिशेने, सुमारे २ किलोग्रॅम-मीटर. इंजिन पूर्ण गरम करा, पूर्ण थंड होऊ द्या, पुन्हा आवळा. २०० किलोमीटरनंतर आणखी एकदा. गरम इंजिनावर आवळू नका.

मूळच्या रचनेत इनटेकचं बूड एक्झॉस्टवर टेकवून तापवलेलं असतं. हेडर आला की ती ऊब जाते. इनटेकच्या बुडाला उघडं भोक राहत असेल तर ३ मिमीची पट्टी गॅस्केट घालून बसवा. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे चोक चारदोन मिनिटं जास्त ओढावा लागेल.

पण इथली खरी अडचण उलटी आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला असतो. पातळ पाइप बिडापेक्षा लवकर आणि जास्त उष्णता बाहेर टाकतात, आणि कार्ब्युरेटर त्यांच्या बरोब्बर डोक्यावर. गाडी चालताना काही होत नाही. रेल्वे फाटकावर दहा मिनिटं बंद करून उभी केली की फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळतं आणि सेल्फ मारूनही सुरू होत नाही. त्यासाठी १ मिमी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कार्ब्युरेटर आणि हेडरच्या मधे, दोन्हींपासून १०-१२ मिमी सोडून बसवा. पत्रा इनटेकच्या स्टडवर टांगा, हेडरवर नको. कार्ब्युरेटरखाली ६ ते १० मिमीचा बेकलाइटचा स्पेसर टाका आणि पेट्रोलची नळी वळवून पुढून आणा. एवढं करायचं नसेल तर खानदेशात हेडर बनवूच नये.

पाइपांना काचेची पट्टी गुंडाळायचा मोह होतो. एमएसला नको. पावसाळ्यात ती पाणी आणि चिखल धरून ठेवते आणि आत पाइप सडतो. त्याऐवजी ६०० अंशांचा सिलिकॉन अ‍ॅल्युमिनियम रंग, दोन पातळ हात. आधी थिनरने पुसा, नंतर उघड्या हाताने धरू नका. बोटाचं तेल जिथे लागेल तिथे पापुद्रा सुटतो. रंग पक्का करायला इंजिन दहा मिनिटं चालवा, थंड करा, मग वीस, मग अर्धा तास.

चालवून बघताना

नवीन हेडरवर मिश्रण थोडं पातळ होतं. लळिंगचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढून, वर सुरक्षित जागी लगेच इंजिन बंद करून प्लग काढा. पांढरे फटक असतील तर एक नंबर मोठा जेट, किंवा एसयू जातीचा कार्ब्युरेटर असेल तर जेटचा नट एक-दोन पैलू खाली. फिकट तपकिरी असतील तर हात लावू नका.

उतारावर पाय सोडल्यावर फटफट आवाज आला तर कार्ब्युरेटरकडे जाऊ नका, आधी गाठीजवळची गळती शोधा. बाहेरची हवा आत ओढली जाते आणि उरलेलं पेट्रोल पाइपात पेटतं. आयडलवर पाइप अंधारात लाल दिसत असेल तर टायमिंग मागे आहे, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. थंड इंजिनाची टकटक पाच मिनिटांत थांबत असेल तर फ्लँजची बैठक. थांबत नसेल तर झाळ तडकली आहे, बहुधा पहिल्या पाइपाच्या फ्लँजपाशी.

पीयूसीला २००० सालाआधीच्या पेट्रोल चारचाकीची मर्यादा आयडलवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) १५०० पीपीएम आहे. सायलेन्सर काढून नुसता हेडर चालवू नका, दंड होतो. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर ती मूळ स्वरूपात असावी लागते आणि इंजिनातले फेरफार त्यात आडवे येतात. म्हणून हेडला किंवा चेसिसला कुठेही नवं भोक पाडू नका, आणि तडकलेला का होईना, जुना मॅनिफोल्ड त्याच्या नट-वॉशरसकट तेल लावून गोणपाटात बांधून ठेवा.